फिल्टर शिकायचाय? आधी ढोल काढा

विसर्जनाच्या दिवशी नाशिकच्या रविवार कारंजाच्या मागच्या एखाद्या बोळात उभं राहिलं की मिरवणुकीतला फक्त ढोल ऐकू येतो. धूम, धूम. ताशेही तितक्याच जोरात वाजत असतात, पण वाडे-इमारतींना वळसा घालून येताना त्यांची तडतड गळून जाते. कोपऱ्यावरून रस्त्यावर आलं की ताशा एकदम कानात शिरतो. लो-पास फिल्टर म्हणजे हेच: खालच्या कंपनांना जाऊ द्यायचं, वरच्यांना अडवायचं. कुठून अडवायचं तो आकडा म्हणजे कटऑफ.

मॉड्युलर सिंथला, म्हणजे सुटे मॉड्यूल वायरींनी जोडून आवाज घडवणाऱ्या वाद्याला, नवीन हात लागला की बहुतेक जण फिल्टरला ट्रेबल कमी करायची कळ समजतात. एकदा फिरवली, आवाज मऊ झाला, सोडून दिली. पण फिल्टर हे स्वतःच वाजणारं वाद्य आहे, आणि ते कानाला पटायचं असेल तर त्यातून आपला नाशिक ढोल काढून बघावा. हार्डवेअरची घाई नको. संगणकावर व्हीसीव्ही रॅक हे मॉड्युलर सिंथचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं आणि त्यातले मूळ मॉड्यूल या कामाला पुरतात. कटऑफच्या नॉबवर उजवं क्लिक केलं की हर्ट्झचा आकडा थेट टाइप करता येतो. एक मात्र पाळा, हेडफोन लावा. लॅपटॉपच्या स्पीकरला ६५ हर्ट्झ झेपत नाही, आणि ‘पॅच (वायरींची जोडणी) चालत नाही’ या तक्रारींमागे बऱ्याचदा तेवढंच कारण असतं. आवाज सुरुवातीला एकदम कमी ठेवा. रेझोनन्स (कटऑफजवळचा आवाज फुगवणारा नॉब) वाढवला की फिल्टर अचानक किंचाळतो.

आधी कानाची तयारी. व्हीसीओ, म्हणजे सूर तयार करणारा ऑसिलेटर, त्याची करवतीच्या दातांसारखी सॉ लहर ११० हर्ट्झवर ठेवून फिल्टरमध्ये घाला. सॉमध्ये ११०, २२०, ३३०, ४४० असे सगळे गुणक असतात. दुसऱ्याची उंची मूळच्या निम्मी, तिसऱ्याची एक तृतीयांश, असं उतरत जातं. कटऑफ वरून खाली आणा, अगदी सावकाश. हे गुणक एकेक करून विझताना ऐकू येतात. किती झटकन विझतात ते स्लोपवर, म्हणजे फिल्टरच्या उतारावर, ठरतं. २४ डेसिबलचा फिल्टर कटऑफच्या बराच वर गेल्यावर दर सप्तकाला आवाजाची उंची सोळाव्या हिश्शावर आणतो, १२ डेसिबलचा चौथ्या हिश्शावर. म्हणून १२ डेसिबलवाला ‘उघडा’ वाटतो आणि २४ वाला ‘झाकण लावल्यासारखा’.

आता रेझोनन्स चढवा. बाहेर पडणारा आवाज उलटा करून परत आत सोडला जातो, आणि कटऑफजवळ तो फेरी मारून नेमका मूळ आवाजाच्या सुरात येऊन मिळतो. तिथे टोक उभं राहतं. पण खाली बेस गायब होतो, आणि नवखे इथे गोंधळतात. सिंथ बनवणारे रॉबर्ट मूग यांच्या लॅडर फिल्टरचं (पेटंट १९६९) गणित साधं आहे. चार टप्पे कटऑफवर मिळून आवाज चौथ्या हिश्शावर आणतात, म्हणून स्वतःहून गुणगुणायला परतीचा आवाज चौपट लागतो. कटऑफच्या बऱ्याच खाली तोच चौपट परतावा मूळ आवाजाला खातो आणि तो पाचव्या हिश्शावर, म्हणजे सुमारे १४ डेसिबल खाली जातो. तुमचा फिल्टर बिघडलेला नाही, त्याची जातच तशी आहे. उपाय दोन: फिल्टरमध्ये जाणारी पातळी वाढवा, किंवा त्याच ऑसिलेटरची साइन लहर फिल्टरला न लावता थेट मिक्सरमध्ये घ्या.

आता ढोल. इथे व्हीसीओ लागत नाही. एलएफओ (संथ ऑसिलेटर) २ हर्ट्झवर, त्याची स्क्वेअर लहर, पल्स विड्थ १ टक्का. म्हणजे ५०० मिलिसेकंदांच्या फेरीत ५ मिलिसेकंदांचा एक ठोका. एलएफओवरचं ऑफसेट चालू आहे ना, ते बघा. नाहीतर लहर उरलेला वेळ उणे ५ व्होल्टवर बसते आणि लो-पास तो स्थिर व्होल्ट बिनतक्रार पुढे सोडतो. ही पल्स फिल्टरच्या ऑडिओ इनपुटमध्ये घाला, कटऑफ ६५ हर्ट्झ, आणि रेझोनन्स आवाज आपोआप सुरू होण्याच्या अगदी एक केस अलीकडे. ठोका बसला की फिल्टर घंटेसारखा घुमतो. रेझोनन्स कमी पडला तर नुसतं ‘टक’ होतं. जास्त झाला तर धूम थांबतच नाही. मधली जागा नॉबवर अगदी अरुंद असते, तिथे घाई करू नका.

हा आवाज अजून पुस्तकी वाटेल. खऱ्या ढोलाचं पान ठोक्याच्या क्षणी ताणलं जातं, त्यामुळे सूर किंचित वरून खाली येतो. त्यासाठी तीच पल्स एडीएसआर या एन्व्हलपच्या, म्हणजे वेळेनुसार चढ-उतार देणाऱ्या मॉड्यूलच्या, गेटला (चालू-बंद इनपुटला) द्या: अटॅक शून्य, सस्टेन शून्य, डिके आणि रिलीज दोन्ही ६० मिलिसेकंद. गेट ५ मिलिसेकंदांतच संपतं, त्यामुळे प्रत्यक्ष उतार रिलीज करतो. फक्त डिके फिरवत बसलात तर फारसं काही बदलणार नाही. एन्व्हलपचं आउटपुट कटऑफच्या सीव्ही (नियंत्रण व्होल्टेज) इनपुटला जोडा आणि शेजारचा अटेन्युएटर (सिग्नल कमी करणारा नॉब) साधारण १० टक्क्यांवर ठेवा. एन्व्हलप १० व्होल्टपर्यंत जातो, त्याचा दहावा हिस्सा १ व्होल्ट, आणि १ व्होल्टला एक सप्तक. सूर साधारण १३० वरून ६५ वर घसरेल. अटेन्युएटर पूर्ण उघडाल तर दहा सप्तकं वर, म्हणजे सुमारे साडेसहासष्ट किलोहर्ट्झ, कानाच्या पलीकडे. ‘सीव्ही जोडली आणि ढोल गेला’ याचं उत्तर बहुतेक वेळा हेच.

ताशाला सूर नको, तडतड हवी. व्हाइट नॉइज एका फिल्टरच्या हाय-पासमधून १५०० हर्ट्झवर, तिथून दुसऱ्याच्या लो-पासमधून ५००० हर्ट्झवर. असा पट्टा तयार होतो. पुढे व्हीसीए (व्होल्टेजने आवाज कमी-जास्त करणारं मॉड्यूल), त्याला ३०-४० मिलिसेकंदांचा छोटा एन्व्हलप. सगळे ठोके एकसारखे आले की यंत्र कळून येतं. माणसाची दोन मनगटं कधी सारखी पडत नाहीत. म्हणून ठोक्यांच्या गतीशी न जुळणारा एखादा एलएफओ कटऑफला अगदी थोडा लावा, ५ टक्के पुरे.

हार्डवेअर घ्यायचं ठरलंच तर पहिला फिल्टर १२ डेसिबलचा स्टेट-व्हेरिएबल घ्यावा असं माझं मत. लो, हाय आणि बँड-पास तिन्ही एकाच वेळी वेगवेगळ्या जॅकवर मिळतात, आणि रेझोनन्स वाढवला तरी बेस जात नाही. लॅडर दुसरा. रिबन केबल लावण्याआधी वीज बंद करा. युरोरॅकमध्ये (हार्डवेअर मॉड्यूलचं प्रचलित माप) लाल कड उणे १२ व्होल्टकडे जाते, आणि उलटी लागली तर संरक्षण नसलेलं मॉड्यूल तिथेच संपतं. मोबाइल किंवा कीबोर्डचा आवाज थेट फिल्टरला दिला तर तो मरगळलेला वाटेल. मॉड्यूलला टोकापासून टोकापर्यंत १० व्होल्टच्या आसपास लागतात, बाहेरचा आवाज बऱ्याचदा त्याच्या दहाव्या हिश्शाइतका असतो. मध्ये प्रीॲम्प हवाच.

आणि नाशिकची थंडी. गुणगुणणारा ॲनालॉग फिल्टर सुरात वाजवायचा असेल तर जानेवारीतली सकाळ अवघड. तापमानाच्या भरपाईची सोय नसलेल्या सर्किटमध्ये दर अंशाला सप्तकाचं माप सुमारे ०.३३ टक्के सरकतं. सकाळ-दुपारच्या १५ अंशांच्या फरकात एका सप्तकामागे ६० सेंट, म्हणजे हार्मोनियमच्या लगतच्या दोन पट्ट्यांमधलं निम्म्याहून जास्त अंतर. अर्धा तास रॅक चालू ठेवा, मग सुरात आणा. ढोलाला मात्र याचं काही सोयरसुतक नाही.

दोन्ही वाद्यं मिक्सरमध्ये एकत्र केलीत की सगळ्यावर आणखी एक लो-पास ठेवा, रेझोनन्स शून्यावर. कटऑफ ३०० हर्ट्झवरून हाताने, वीसेक सेकंद घेत, ८००० पर्यंत न्या. मिरवणूक कोपऱ्यावरून वळते.