आमची वाटचाल : आधी बर्नर, मग झाकण

आमच्या कामाची सुरुवात विक्रीपासून नाही, दुरुस्तीपासून झाली. अंगणात ठेवायची, प्रोपेनवर चालणारी ग्रिल उघडायची, साफ करायची, सुटे भाग बदलून परत द्यायची, हेच पहिलं काम. विक्री पुढे त्यातूनच आली. म्हणून ग्रिल निवडताना आम्ही आजही उलट्या क्रमानं जातो. झाकणाची चकाकी शेवटी बघतो, बर्नर आधी. बिघाड बाहेरून दिसत नाही. तो आत असतो आणि बहुतेक वेळा ठरलेल्या चार-पाच जागीच असतो.

सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार : “ग्रिल तापतच नाही.” झाकण लावून पंधरा मिनिटं झाली तरी काटा 120 ते 150 अंश सेल्सिअसच्या पुढे सरकत नाही, ज्योत बुटकी राहते. यात बऱ्याचदा काहीच मोडलेलं नसतं. अनेक रेग्युलेटरांमध्ये एक सुरक्षा-अडसर असतो. गॅस अचानक जोरात वाहू लागला, तर नळी फाटली असावी असं समजून तो प्रवाह अगदी थोडा ठेवतो. बर्नरचे नॉब आधीच उघडे असताना सिलिंडरचा व्हॉल्व्ह झटक्यात उघडला की त्याची अशी फसगत होते. उपाय साधा आहे. सगळे नॉब बंद करा, सिलिंडर बंद करा, रेग्युलेटर काढून एखादं मिनिट थांबा, परत जोडा. मग सिलिंडरचा व्हॉल्व्ह सावकाश उघडा आणि त्यानंतरच एकेक बर्नर पेटवा. दुरुस्तीआधी आम्ही हे करून बघायला सांगतो, कारण एवढ्यानं ज्योत उभी राहिली तर ग्रिल आमच्याकडे आणायची गरजच नसते.

दुसरा गुन्हेगार कोळी. जेट (गॅस सोडणारं बारीक भोकाचं तोंड) आणि बर्नर यांच्यामधल्या ज्या नळीत गॅस हवेत मिसळतो, तिच्यात कोळी जाळं विणतो. हवा कमी पडून ज्योत पिवळी, लोळणारी होते आणि भांड्याला काजळी धरते. वाट पुरतीच बंद झाली तर गॅस मागे फिरून नॉबच्या पाठीमागे पेटतो, आणि ते खरंच धोक्याचं असतं. ग्रिल महिनाभर वापराविना पडून असेल तर बर्नर काढून नळीतून लांब दांड्याचा बारीक ब्रश फिरवावा. म्हणूनच निवडताना आम्ही एक प्रश्न हमखास विचारतो : बर्नर एका पिनेवर किंवा स्क्रूवर बाहेर येतो का? जो सहज निघत नाही तो कधीच साफ होत नाही.

तिसरं दुखणं गंज. बर्नर पातळ पत्र्याचा असला की भोकांच्या ओळीलगत गंजतो, दोन भोकं एक होतात आणि तिथे ज्योत भसकन वर येते. ‘स्टेनलेस’ हा शब्द पुरेसा नाही, म्हणून खिशात चुंबक ठेवावं. 430 प्रतीच्या स्टीलला चुंबक घट्ट चिकटतं, 304 ला जवळजवळ नाही (वाकवलेल्या कडेला थोडीशी ओढ जाणवते, तिकडे लक्ष देऊ नये). गंजाला 304 अधिक टिकते. बाहेरचा पत्रा 430 चा असला तर एक वेळ चालेल, बर्नर मात्र 304 चा किंवा ओतीव पितळेचा घ्यावा. जाहिरातीत नेमकं उलटं सांगतात : झाकणाची प्रत मोठ्या अक्षरांत, बर्नरबद्दल एक ओळही नाही.

विक्री सुरू केल्यावर पहिला झगडा बीटीयूच्या (उष्णता मोजायच्या एककाच्या) आकड्याशी झाला, आणि तो अजून चालू आहे. तासाला 48,000 बीटीयू असं लिहिलेलं बघून ग्राहक ‘जोरदार’ ग्रिल म्हणून घ्यायला निघतो. त्यातले 12,000 बाजूच्या शेगडीचे असतील तर मुख्य जाळीखाली उरतात 36,000. जाळी 600 चौरस इंचांची असेल तर चौरस इंचाला पडले 60. तेच 36,000 बीटीयू 450 चौरस इंचांच्या जाळीखाली असतील तर 80 पडतात. आमचा ढोबळ हिशेब 70 ते 100 चा आहे. वरचा गरम ठेवण्याचा छोटा मजला क्षेत्रफळात धरू नये. जाड पत्रा आणि नीट बसणारं झाकण असेल तर 70 लाही काम भागतं. झाकणाच्या कडेनं उष्णता निसटत असेल तर 100 सुद्धा वाया जातात. मोठा आकडा म्हणजे मोठी आग, पण उष्णता आत राहील याची हमी तो देत नाही.

गॅसचा खर्चही याच आकड्यावरून काढता येतो. 36,000 बीटीयू म्हणजे साधारण साडेदहा किलोवॅट. पूर्ण जोरावर तासाला पाऊण किलोच्या आसपास प्रोपेन जळतो, म्हणजे 9 किलोचा सिलिंडर अकरा-बारा तास पुरतो. लहान सिलिंडरवर मोठं ग्रिल चालवलं तर आणखी एक गंमत दिसते : बाहेरून दहिवर जमतं आणि ज्योत मंदावते. आतला द्रव वायू होताना स्वतःच थंड होतो आणि दाब उतरतो. प्रोपेन उणे 42 अंशांला उकळतो म्हणून तो थंडीतही चालतो. ब्युटेन शून्याच्या आसपासच हात टेकतो.

बर्नर किती, यावर आमचं मत ठाम आहे : दोन चालतील, तीन असतील तर उत्तम. एका बाजूला पूर्ण आच आणि दुसरीकडे बर्नर बंद ठेवून झाकणाखाली सावकाश शिजवणं हे ज्याला जमलं त्याला ग्रिल कळलं. एकाच बर्नरवर ते होत नाही. आच सगळीकडे सारखी आहे का, हे बघायला जाळीभर ब्रेडच्या स्लाइस मांडून मध्यम आचेवर एक-दोन मिनिटं ठेवा आणि उलटून बघा. कुठे काळं, कुठे पांढरं, लगेच कळतं. झाकणावरच्या तापमापकावर मात्र फार विसंबू नका. तो वरची हवा मोजतो, आणि जाळीवरचं तापमान त्याहून बरंच वेगळं असू शकतं.

जाळीबद्दल थोडक्यात : ओतीव लोखंड आच धरून ठेवतं पण तेल न लावता ठेवलं तर गंजतं, एनॅमलचा थर एकदा टवका उडाला की संपला, आणि जाड सळ्यांची स्टेनलेस जाळी सांभाळायला सगळ्यात सोपी.

सिलिंडर ठेवायचं कपाट बघताना बहुतेकांची नजर दारावर जाते. आम्ही वाकून तळ बघतो. प्रोपेन हवेपेक्षा दीडपट जड असतो. गळला तर खाली साचतो. तळालगत मोकळी भोकं नसतील तर ते ग्रिल आम्ही घेत नाही. चरबीचा ट्रे समोरून किंवा मागून सहज ओढून निघायला हवा. तळाला फॉइल अंथरण्याची सवय वाईट, कारण चरबी ट्रेकडे वाहण्याऐवजी सुरकुत्यांत साचते आणि तिथेच पेट घेते.

एक काम आम्ही सरळ नाकारतो : पाइपच्या नैसर्गिक वायूचं ग्रिल जेट तसाच ठेवून प्रोपेनवर चालवणं. प्रोपेनमध्ये घनफळामागे सुमारे अडीचपट ऊर्जा असते, त्यामुळे त्याचा जेट बारीक लागतो. भोक मोठं राहिलं तर ज्योत हाताबाहेर जाते. रेग्युलेटरचा दाबही देशोदेशी वेगळा, कुठे 28 मिलिबार, कुठे 37, कुठे 50. ग्रिलच्या पाटीवर लिहिलेला दाब आणि रेग्युलेटरवरचा आकडा जुळलाच पाहिजे.

ग्रिल हाती देताना आता एवढं करूनच देतो. भांडी घासायचा द्रव साबण आणि पाणी समान घेऊन, बर्नरचे नॉब बंद ठेवून सिलिंडर उघडायचा आणि प्रत्येक जोडावर ब्रशनं ते लावायचं. फुगे वाढत गेले तर सिलिंडर बंद करून जोड परत आवळायचा, तरीही आले तर वॉशर किंवा नळी बदलायची. काडी लावून गळती शोधायची नाही. पेटवताना झाकण उघडं. पाच सेकंदांत पेटलं नाही तर नॉब बंद, पाच मिनिटं थांबायचं, मग पुन्हा. ठिणगीच पडत नसेल तर आधी बॅटरी बघा, नंतर इलेक्ट्रोड (ठिणगी पाडणारी सळई) आणि बर्नर यांच्यातलं अंतर; ते 3 ते 5 मिलिमीटर असावं, आणि इलेक्ट्रोडच्या पांढऱ्या चिनीमातीला तडा गेला असेल तर ठिणगी तिथूनच पळते. इलेक्ट्रोड हा एक भाग आम्ही कायम जास्तीचा ठेवतो.