प्रोस्टेटसाठी एपिड्यूरल: औषध कोणतं घ्यायचं?

दुर्बिणीतून प्रोस्टेट काढताना सहसा स्पायनलच (कण्यातल्या पाण्यात एकाच टोचणीने दिलेली भूल) दिलं जातं आणि ते योग्यच आहे. एपिड्यूरलची (त्या पाण्याच्या आवरणाबाहेर बारीक नळीतून थोडी थोडी दिलेली भूल) गरज पडते ती हृदय कमजोर असून बीपी एकदम कोसळू द्यायचं नसतं तेव्हा, किंवा पोट उघडून मोठी ग्रंथी काढायची असते तेव्हा.

ॲड्रेनॅलिन घातलेलं २ टक्के लिग्नोकेन दहा-पंधरा मिनिटांत लागतं, पण दीड-दोन तासांत उतरू लागतं. ०.५ टक्के बुपिव्हाकेनला वीसेक मिनिटं द्यावी लागतात. स्वस्त आणि टिकाऊ. पण चुकून शिरेत गेलं तर हृदयाच्या सोडियम वाहिन्यांत (ठोक्याचा विद्युतसंदेश चालवणाऱ्या पेशींतल्या छिद्रांत) अडकून बसतं, लवकर सुटत नाही. मर्यादा किलोमागे २ मिलिग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या माणसाला २४ मिली. लिव्होबुपिव्हाकेन तितकंच टिकतं आणि हृदयाला थोडं सौम्य. ०.७५ टक्के रोपिव्हाकेन (किलोमागे ३ मिलिग्रॅमपर्यंत) त्याहून सौम्य, पायांत ताकदही लवकर येते. महाग असलं तरी हृदयरोग्याला मी हेच देईन. कोथरूडहून हडपसरपर्यंत नर्सिंग होम फिरणाऱ्या भूलतज्ज्ञाने अशा विषबाधेवरचा उतारा म्हणून २० टक्के लिपिड इमल्शनची (शिरेतून द्यायच्या स्निग्ध द्रावाची) २५० मिलीची बाटली बॅगेत ठेवावीच. पहिला डोस किलोमागे १.५ मिली.

खरी फजिती मात्र औषधाने होत नाही, घाईने होते. बेंबीपर्यंत गार स्पर्श कळेनासा झाला की सर्जनला हिरवा कंदील दिला जातो. पण मूत्रमार्गाची संवेदना सॅक्रल मुळांतून (कण्याच्या तळाकडच्या मज्जातंतूंच्या मुळांतून) जाते, आणि तिथली पहिली मुळं जाड असल्याने उशिरा बधिर होतात. पावलाची बाहेरची कड आणि गुदद्वाराभोवतीची त्वचा टोचून पाहिल्याशिवाय दुर्बीण आत जाऊ देऊ नये. अर्धा तास लागला तरी चालेल. ५० मायक्रोग्रॅम फेंटानिल (अफूवर्गीय वेदनाशामक) घातलं तर बरीच मदत होते.

पेठेतले ऐंशीचे आजोबा म्हणजे बीटा ब्लॉकर (नाडी मंद ठेवणारं औषध) ठरलेलाच. टेस्ट डोसमध्ये (नळी शिरेत तर नाही ना, हे पाहायच्या छोट्या डोसमध्ये) १५ मायक्रोग्रॅम ॲड्रेनॅलिन असूनही त्यांची नाडी वाढेलच असं नाही, म्हणून वरच्या बीपीवरही नजर हवी. पुढचं औषध एका वेळी ५ मिली, दर वेळी सिरिंज मागे ओढून पाहून. या वयात औषध वर चढतं, १० ते १२ मिलीही पुरतं. बधिरता बेंबीच्या फार वर गेली तर ग्रंथीचं आवरण फाटल्याची वेदना झाकली जाते.

“मला झोपवूनच टाका” असं रुग्णाने म्हटलं तरी गुंगी बेताचीच द्यावी. आतून धुवायला ग्लायसिनचं पाणी वापरत असाल तर रुग्ण अस्वस्थ होणं, मळमळणं, असंबद्ध बोलणं या रक्तातलं सोडियम घसरल्याच्या खुणा आहेत. सलाईनवर चालणाऱ्या बायपोलर यंत्राने (विजेवर ग्रंथी कापणाऱ्या) शस्त्रक्रिया केली तर ही भीती कमी.

नंतर एपिड्यूरलच्या कॅथेटरमधून (नळीतून) ०.२ टक्के रोपिव्हाकेन तासाला ४ ते ६ मिली सोडता येतं. पण तेव्हा रक्ताच्या गुठळीने लघवीची नळी तुंबली तरी रुग्णाला कळ लागत नाही, म्हणून मूत्राशयात आत गेलेलं आणि बाहेर आलेलं पाणी नर्सने तासातासाला मोजायला हवं.