अंदाजपंचे दाहोदरसे, पण हिशेबाने

मेलबर्नमधल्या जुन्या गाड्यांच्या एका मंडळाची नोंदवही लावून द्यायचं काम माझ्याकडे आलं, ते मी आकडेवारीतला माणूस म्हणून. गाड्यांचं वेड तोवर मला नव्हतं. मंडळींचा प्रश्न साधा दिसत होता: 1970च्या आसपासच्या फोर्ड, होल्डन, क्रायस्लरच्या दणदणीत गाड्या नेमक्या किती बनल्या?

काही आकडे इथे लोकांना तोंडपाठ असतात. फोर्डची शर्यतीसाठीची फाल्कन जीटीएचओ फेज थ्री 300, क्रायस्लरची चार्जर ई49 149. त्यामागे नुसती हौस नाही. 2018मध्ये एक फेज थ्री लिलावात दहा लाख डॉलरच्या वर गेली. ती एके काळी जेफ थॉमसनची होती. हो, तोच, भल्याभल्या फलंदाजांच्या बरगड्या शेकणारा! एवढा पैसा आला की साध्या फाल्कनची ‘फेज थ्री’ करणारेही येतातच, आणि नोंदवहीतल्या गाड्या वाढू लागतात.

मला आधी आठवली ती दुसऱ्या महायुद्धातली युक्ती. जर्मन रणगाड्यांच्या भागांवरच्या क्रमांकांवरून उत्पादन काढलं गेलं होतं. ऑगस्ट 1942साठी हेरांचा अंदाज होता 1550, संख्याशास्त्रज्ञांचा 327. प्रत्यक्षात निघाले 342. रीत सोपी आहे. दिसलेल्या क्रमांकांतला सर्वांत मोठा घ्या, त्याला नमुन्याच्या संख्येने भागा, तो भागाकार मूळ क्रमांकात मिळवा आणि एक वजा करा.

ही रीत आधी पारखून घेतली ती 1978च्या फाल्कन कोब्रावर. फोर्डकडे एक्ससी हार्डटॉपचे, म्हणजे दोन दारांच्या फाल्कनचे, 400 सांगाडे पडून होते. पांढरा रंग, निळे पट्टे आणि प्रत्येकीला स्वतंत्र क्रमांक देऊन त्या विकल्या. म्हणजे उत्तर आधीच माहीत. समजा सहा कोब्रा दिसल्या आणि सर्वांत मोठा क्रमांक 362 निघाला, तर उत्तर येतं 421. सहा गाड्यांवरून एवढं म्हणजे झकासच.

फाल्कन जीटीला, म्हणजे फाल्कनच्या वेगवान आवृत्तीला, मात्र हे लागू होईना. फोर्डच्या ब्रॉडमेडोजच्या कारखान्यात जीटीला वेगळी क्रमवारी नव्हती. टॅक्सीवाल्याची साधी फाल्कन आणि जीटी एकाच माळेतले मणी. एका म्हातारबुवांनी बॉनेट उघडून, रॉकेलच्या फडक्याने ग्रीस पुसून मला इंजिनावर ठोकलेला क्रमांक दाखवला. ओळखपट्टीवरचाच क्रमांक होता तो. तिथल्या दोन अक्षरांत वर्ष आणि महिना असतो. गाडी अस्सल आहे का, हे त्यावरून ताडता येतं. अशा किती, हे नाही.

मग दोन स्वतंत्र याद्या ताडून पाहिल्या. एकीत 40 गाड्या, दुसरीत 30, आणि 20 दोन्हींत, तर एकूण साधारण 60. यातून कळतं ते आज किती उरल्या एवढंच. बाथर्स्टच्या शर्यतींत आणि रस्त्यांवर किती चेपल्या, भंगारात किती गेल्या, ते निराळं. शिवाय महागडी, नावाजलेली गाडी दोन्ही याद्यांत हमखास असते, त्यामुळे अंदाज खालीच राहतो.

खरी डोकेदुखी आरपीओ 83 नावाच्या फाल्कन जीटींची. 1972मध्ये सिडनीच्या वर्तमानपत्रांनी ‘सुपरकार’विरुद्ध गदारोळ केला आणि फेज थ्रीची पुढची आवृत्ती, फेज फोर, चार गाड्यांवरच थांबली. तिच्यासाठी आणलेले भाग पुढे एक्सए मॉडेलच्या जीटीच्या एका तुकडीत बसवले गेले, तीच आरपीओ 83, तेही गाडीगणिक कमीजास्त. आकडा 250च्या आसपास सांगतात. पण कोणते भाग असले म्हणजे ती आरपीओ 83? माझ्या मते आधी हे ठरवायला हवं, गणित नंतर. मंडळात त्यावरून दोन तट पडले.

अध्यक्षांना एकच आकडा छापायचा होता. मी दोन रकाने ठेवले: सगळे भाग असलेल्या गाड्या आणि काही भाग असलेल्या. बरीच कुरकुर झाली, पण रकाने राहिले. सध्या होल्डनच्या टोरानाची पानं उघडली आहेत. तिच्या ए9एक्स या आवृत्तीच्या सेडान आणि हॅचबॅक वेगवेगळ्या मोजायच्या, एवढ्यावर तरी एकमत झालंय.