जरा डावीकडे

रविवारी जेवणं आटोपून मी माझ्या ठरलेल्या खुर्चीत बसलो होतो. समोर प्लेअर, प्लेअरमध्ये तबकडी, तबकडीवर संथ पियानो. डोळा लागतालागता नजर प्लेअरच्या पट्टीवर गेली आणि झोप उडाली. तिथे निळ्या अक्षरांत 'सीडी' असं लिहिलं होतं. असायला हवं होतं 'एसएसीडी', म्हणजे सुपर ऑडिओ सीडी, साध्या सीडीची उंची बहीण.

ज्यांना या चार अक्षरांचा नाद नाही त्यांनी खुशाल हसावं. ज्यांना आहे त्यांनी आधी उठून आपापल्या प्लेअरची पट्टी बघून यावी.

ही तबकडी पुरणपोळीच्या जातीची. एकीच्या पोटात दुसरी. एका थरात साधी सीडी, म्हणजे कुठल्याही प्लेअरवर वाजावी, आणि दुसऱ्यात ते उंची प्रकरण. दोन थर वाचायला दोन लेसर लागतात, सीडीला ७८० नॅनोमीटरचा आणि दुसऱ्याला ६५०चा. माझ्या प्लेअरचा ६५०वाला दमला होता. मग त्याने, हापूस संपल्यावर गाडीवाला निमूटपणे कर्नाटकी आंबा भरतो ना, तसा साधा थर वाचायला घेतला. आणि मी मिटक्या मारत बसलो. किती दिवस? गणपतीत मोदक खाताना याच खुर्चीत बसून मी भाच्याला "बघ, हवा कशी ऐकू येते" असं सांगितलं होतं. ती हवासुद्धा बहुधा सीडीचीच.

दुरुस्तीवाला आला, झाकण उघडून आत फुंकर मारली आणि म्हणाला, "साहेब, लेन्स गेली. हा माल आता येत नाही." साधी सीडी वाजतेय ना, मग काय अडलंय, असा त्याचा चेहरा. मला उत्तर सुचलं नाही.

या नादाला मी लागलो त्याला वीस वर्षं होऊन गेली. १९९९ साली सोनी आणि फिलिप्सने मिळून एसएसीडी आणली, आणि पाठोपाठ २००० साली दुसऱ्या गोटातून डीव्हीडी-ऑडिओ आली. सीडी सेकंदाला ४४,१०० वेळा सुराला विचारते, "कुठे आहेस बाबा?" आणि उत्तर १६ बिटांत लिहून घेते. डीव्हीडी-ऑडिओ स्टिरिओत १,९२,००० वेळा विचारू शकते, तेही २४ बिटांत. एसएसीडीचा स्वभाव वेगळा. ती सेकंदाला २८,२२,४०० वेळा विचारते, पण दर वेळी एकच बिट, वर की खाली? या दोन सुनांपैकी चांगली कोण, यावर आम्ही मित्रांनी कट्ट्यावर पावसाळेच्या पावसाळे घालवले. तोवर लोकांनी एमपी३ नावाची तिसरीच मुलगी पसंत करून लग्न उरकलंसुद्धा.

मी दोन्ही बाजूंनी होतो. मेहुण्याला सांगून अमेरिकेतून तबकड्या मागवल्या आणि दोन्ही वाजवणारा प्लेअर घेतला. कुणी कॉपी करील या धास्तीने कंपन्या असलं संगीत डिजिटल वायरीतून बाहेर पडू देत नसत, म्हणून प्लेअरच्या पाठीला सहा अॅनालॉग वायरी. पाच पॉइंट एक. पाच स्पीकर आणि तो पॉइंट एक म्हणजे खर्जाचं खोकं. खालच्या मजल्यावरचे काका ज्याच्यासाठी वर यायचे ते हेच.

स्पीकर लावायचंही शास्त्र आहे. पुढचे दोन मधल्या रेषेपासून तीस-तीस अंशांवर, मागचे एकशे दहाच्या आसपास, आणि सगळे खुर्चीपासून सारख्या अंतरावर. मी सुतळी घेऊन नाकापासून मोजलं. आमच्या घरात मागचा डावा फ्रिजवर येत होता आणि मागचा उजवा बरोबर देवघरावर. देव हलवायला बायको तयार नव्हती, फ्रिज हलवायला मी. शिवाय त्या मागच्या स्पीकरांतून यायचं काय? सभागृहाचा घुमारा आणि शेवटी टाळ्या. क्वचित एखादा उत्साही ध्वनिमुद्रक व्हायोलिनवाल्यांना पाठीमागे बसवायचा. "आपल्याकडे पाठ करून कोण वाजवतं हो?" असं बायकोने पहिल्याच दिवशी विचारलं होतं. घराला रंग काढला तेव्हा ते दोन स्पीकर उतरले ते उतरलेच. एक माळ्यावर आहे आणि एकावर मनीप्लांट छान वाढलाय.

म्हणजे उरला स्टिरिओ. त्याच्याबद्दल मात्र मला मनापासून आदर आहे. असं सांगतात की लंडनचा इंजिनिअर अॅलन ब्लुमलाइन बायकोबरोबर सिनेमाला गेला असता, माणूस पडद्याच्या एका टोकाला आणि आवाज भलतीकडून, हे त्याला खटकलं. १९३१ साली त्याने दोन स्पीकरांच्या युक्तीच्या पेटंटसाठी अर्ज केला. तो होता ईएमआय या रेकॉर्ड कंपनीत, आणि एचएमव्ही हा त्याच घरातला शिक्का. त्यामुळे मला तो लांबचा नातेवाईक वाटतो.

आमच्या मिरजेच्या घरात स्टिरिओ आला तेव्हा मी चौथीत होतो. थोरल्या काकांनी कर्ज काढून रेकॉर्ड प्लेअर आणला, सोबत दोन कर्णे. काका त्यांना कर्णेच म्हणत. दोन कर्णे दिलेत म्हणजे ते दोन खोल्यांसाठीच असणार, यात कुणालाच शंका आली नाही. एक लागला सोप्यात, दुसरा स्वयंपाकघरात फडताळावर. मधे माजघरातून भिंतीला चुका मारत वायर नेली. आजीलाही गाणं ऐकू यावं, एवढाच हेतू.

घरात एक सतार-सरोदच्या जुगलबंदीची रेकॉर्ड होती. सतार एका कर्ण्यात, सरोद दुसऱ्यात, तबला दोन्हीकडे. त्यामुळे सोप्यात सतार आणि स्वयंपाकघरात सरोद, असं कितीतरी महिने चाललं. सोप्यात काका आणि त्यांचे बँकेतले मित्र माना डोलवत. मिरजेत सतारीला माना डोलवणारे कमी नव्हते, सतारमेकरांची गल्ली पाच मिनिटांवर. आत आजी भाकऱ्या थापता थापता एकदा म्हणाली, "वाजवतो चांगलं रे, पण मधे मधे गप्प का होतो हा?" काका सोप्यातून ओरडले, "विचार करतोय!"

मला ते माजघरात कळलं. सोपा उजव्या हाताला, स्वयंपाकघर डाव्या, आणि मधल्या उंबऱ्यावर बसलं की उजव्या कानातला सवाल डाव्या कानात जवाब होऊन यायचा. दोन माणसं! घरात इतर कुणालाच माहीत नसलेली दोन माणसं. मी कुणाला सांगितलं नाही. नुसता जाऊन बसायचो आणि आजी आतून ओरडायची, "ऊठ, उंबऱ्यावर बसू नये!"

पुढे काकांना कुणीतरी शहाण्याने सांगितलं आणि दोन्ही कर्णे सोप्यात शेजारी शेजारी आले. आजीचं गाणं बंद झालं.

हां, तर प्लेअर. नवा घ्यावा का? २००७ साली मेयर आणि मोरान या दोघांनी एक प्रयोग छापला. उंची तबकडीचा आवाज सरळ ऐकवायचा, आणि तोच सीडीच्या चाळणीतून गाळूनही ऐकवायचा. कानात तेल घालून ऐकणाऱ्यांनी ५५४ वेळा ओळखायचा प्रयत्न केला, २७६ वेळा बरोबर आलं. नाणं उडवलं असतं तरी एवढंच आलं असतं. तेव्हा मी या प्रयोगात शंभर खोट काढल्या होत्या. त्यांचे स्पीकर, त्यांच्या तबकड्या, त्यांचे कान.

कानांवरून आठवलं. डिसेंबरात डॉक्टरांनी मला काचेच्या खोलीत बसवून पिकपिक ऐकवली. ऐकू आली की बटण दाबायचं. कागद बाहेर आला तो फुल्यागोळ्यांचा खेळ. उजवा कान म्हणजे लाल गोळे, डावा म्हणजे निळ्या फुल्या. कागदावर डावीकडून उजवीकडे सूर चढत जातो, आणि खूण जितकी खाली तितकं कमी ऐकू येतं. गोळे वयाला शोभतील असे सावकाश उतरत होते. फुल्या दोन हजार हर्ट्झच्या सुरापर्यंत बऱ्या होत्या आणि मग कड्यावरून उडी घेतल्यासारख्या खाली. कागद आठ हजारांवर संपतो. माझी तबकडी शहाण्णव हजारांपर्यंतचे सूर जपून ठेवते.

मी घरी काही बोललो नाही. आल्यावर ती जुगलबंदी लावली, हल्ली ती सीडीवर मिळते. खुर्ची सुतळीने मोजलेल्या जागीच होती, पण सरोदवाला उठून लांब कुठेतरी जाऊन बसला होता. मग मी अॅम्प्लिफायरचं बॅलन्सचं बटण बारावरून हळूच साडेदहावर नेलं. तो परत आला.

त्याला आता सहा-सात महिने झाले. परवा संध्याकाळी मी बाहेरून आलो तर बायको माझ्या खुर्चीत बसून गाणं ऐकत होती. तिचे दोन्ही कान ठणठणीत आहेत. डोळे मिटूनच म्हणाली, "अहो, या बाई अशा डावीकडे सरकून का बसल्यात?"

मी म्हटलं, "सतरंजी सरकली असेल."