बाही दुमडून आलेला माणूस

त्या दिवशी सकाळी तो आला तोच शर्टाची बाही कोपराच्या वर दुमडत. दुसऱ्या हातात रिपोर्ट. "मॅडम, व्हायरस गेला. घ्या आता रक्त!"

मी रक्तपेढीत समुपदेशक आहे. 'तुमचं रक्त चालणार नाही' हे सांगणं माझ्या रोजच्या कामातलंच. पण एकाच माणसाला ते दुसऱ्यांदा सांगायचं, आणि तेही तो पेढे वाटायच्या आनंदात असताना, हे पहिल्यांदाच.

आधीची वेळ आठ महिन्यांपूर्वीची. त्याचं पहिलंच रक्तदान, आणि एलायझा या तपासणीत हिपॅटायटिस सी (विषाणूमुळे होणारी एक कावीळ) रिअ‍ॅक्टिव्ह. म्हणजे रक्तात तिची खूण सापडली. बॅग बाद झाली. मी फोन केला आणि तिथेच चुकले. शुक्रवारी संध्याकाळी "रिपोर्टबद्दल बोलायचंय, सोमवारी या" एवढंच बोलून फोन ठेवला. आपल्याला एड्स झालाय असं धरून त्या माणसाने दोन रात्री काढल्या. तेव्हापासून सुट्टीच्या तोंडावर असा फोन मी करत नाही.

सोमवारी खरं नाव कळल्यावर तो भांडायलाच उठला. "कावीळ? मला? डोळे बघा माझे." खालची पापणी बोटाने ओढून दाखवली. बुबुळाभोवती सगळं पांढरंशुभ्र. 'सी'चा कावा तो हाच. लागण झाली तरी बहुतेकांचे डोळे पिवळे होतच नाहीत. विषाणू वीस-तीस वर्षं यकृतात मुकाट राहू शकतो, आणि काहींच्या बाबतीत कळेपर्यंत सिरॉसिस झालेला असतो, म्हणजे यकृत निबर होऊन खराब झालेलं असतं.

"पण मी लस घेतलीये!"

ती हिपॅटायटिस 'बी'ची. 'सी'वर लसच नाही.

एलायझात दिसतात त्या अँटिबॉडी, म्हणजे विषाणू कधीतरी येऊन गेल्याची खूण. तो आत अजून आहे का, हे थेट विषाणूच शोधणाऱ्या आरएनए तपासणीत कळतं. लागण झालेल्या 100 पैकी 15 ते 45 जणांच्या शरीरातून तो पहिल्या सहा महिन्यांत औषधाविना निघून जातो. याच्या नशिबी ते नव्हतं.

"आला कुठून पण?" दारू नाही, सुई टोचून नशा नाही, टॅटू नाही. मग आठवलं: 1985 साली, सात वर्षांचा असताना मोठं ऑपरेशन, रक्त चढवलेलं. हा विषाणू शास्त्रज्ञांना सापडला 1989 साली. त्याआधी रक्तात शोधणार तरी काय? तिथूनच आला असं छातीठोकपणे नाही सांगता येत, पण शक्यता मोठी.

घरी त्याने स्वतःचं ताट-पेला वेगळा केला होता. त्याची काही गरज नव्हती. जेवणातून, मिठी मारण्यातून हा पसरत नाही. रक्तातून पसरतो. मी दाढीच्या सामानाचं विचारलं, तेव्हा त्याचा चेहरा उतरला. मिसरूड फुटलेला मुलगा त्याचाच रेझर वापरत होता. मुलाची आणि बायकोची तपासणी करून घेतली, दोघांचीही निगेटिव्ह. ताट परत एकत्र आलं, रेझर, ब्रश, नेलकटर वेगळे झाले.

मग 12 आठवडे रोज गोळ्या, त्या संपल्यावर आणखी 12 आठवड्यांनी तपासणी. या गोळ्यांनी 95 टक्क्यांहून जास्त लोक बरे होतात. तो झाला.

आणि आता समोर दंड उघडा टाकून बसला होता. मी सांगितलं, विषाणू गेला तरी अँटिबॉडी राहतात, बहुधा जन्मभर. एलायझा पुन्हा रिअ‍ॅक्टिव्हच येणार, आणि आमच्या नियमात ते रक्त बसत नाही.

"म्हणजे मी बरा झालोय, फक्त तुमच्या मशीनला पटत नाही."

मी मान हलवली. पुन्हा लागण होऊ शकते हेही त्याच दमात सांगावं लागलं. फार वाईट वाटलं.

त्याने बाही सावकाश खाली केली, बटण लावलं. "पोरगा पुढच्या महिन्यात अठराचा होतोय. त्याचं चालेल?"

"घरात रेझर एकच होता ना, थोडं थांबावं लागेल. कधीपासून चालेल ते डॉक्टर ठरवतील."

"थांबेल की. फॉर्म द्या एक."

फॉर्म रक्तदानाच्या दिवशीच भरायचा असतो. तरी दिला.