आमची वाटचाल : खोळीचा आस आणि आमचं दुकान

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावर जाळी शिवणाऱ्यांत आमचं दुकान सगळ्यात जुनं नाही आणि सगळ्यात मोठंही नाही. पण आमच्याकडून गेलेल्या कुठल्याही खोळीला, म्हणजे मासळी साठते त्या जाळ्याच्या शेवटच्या पिशवीला, पट्टी लावा, आस, म्हणजे जाळ्याचं एकेक भोक, बिलावर लिहिलेल्या मापाचाच निघेल. बंदरावर हे छातीठोक सांगू शकणारी दुकानं फार नाहीत. आणि ह्याच मापापायी आम्ही धंद्यातून उठायच्या बेताला आलो होतो, म्हणून आज सगळं लिहून काढतो आहे.

सुरुवात वडिलांनी आणि चाचांनी केली. चाचा म्हणजे वडिलांचे भागीदार. त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या दर्यावर जाणारं, वडील मात्र सुताच्या व्यापारातले. सुती आणि अंबाडीची जाळी मागे पडून नायलॉन आलं, होड्यांवर इंजिनं चढली, ट्रॉलर, म्हणजे जाळं मागून ओढत नेणाऱ्या बोटी, वाढले, तेव्हा दोघांनी ओळखलं की आता जाळं घरी ओसरीवर बसून भागणार नाही, ते कापून शिवून देणारं कुणीतरी लागणार. पैसा वडिलांचा, हात चाचांचा.

ज्याला ट्रॉलचं जाळं कापता येतं त्याला मी आजही मानतो. विणणं कुणीही शिकतं. कापताना किती आस सरळ सोडायचे आणि किती तिरके घ्यायचे, ह्यावर जाळ्याचं तोंड पाण्यात किती उघडेल ते ठरतं. एक ओळ चुकली की जाळ्याचं तोंड फाकवून धरणाऱ्या फळ्या कितीही चांगल्या असोत, जाळं एका अंगाला ओढत राहतं आणि तांडेल डिझेलच्या नावाने बोंब मारतो. चाचा कागदावर काही लिहीत नसत. बोटांनी आस मोजत जायचे, ओठ हलत असायचे, आणि कुणी मध्ये बोललं तर परत पहिल्यापासून. त्यांची बांबूची सुई आणि शिसवी पट्टी अजून माझ्या गल्ल्याच्या खणात आहे. पट्टीवर आस बसवून गाठ मारायची म्हणजे प्रत्येक आस सारखा येतो. आता विणलेलं जाळं कारखान्यातून गठ्ठ्याने येतं, पट्टीचं काम उरलं ते मोजायचं. गाठीपासून समोरच्या गाठीपर्यंत आस ताणायचा आणि मोजायचा. नवं जाळं कोरडं मोजून फसू नका, एकदा भिजवून ताणून मग मोजा. हे मी गिऱ्हाइकाला न विचारता सांगतो आणि सांगत राहीन.

1980 आणि 90 ची दशकं चांगली गेली. चाचा गेले, वडील थकले, दुकान माझ्याकडे आलं. त्या वर्षांबद्दल सांगण्यासारखं विशेष नाही.

खरी गोष्ट 2016 पासूनची. त्या वर्षी 5 फेब्रुवारीला पर्ससीनबाबत, म्हणजे थव्याभोवती टाकून खालून आवळायच्या जाळ्याबाबत, राज्य शासनाचा आदेश निघाला. पर्ससीनचे परिणाम तपासणाऱ्या डॉ. सोमवंशी समितीचा अहवाल त्याआधीच आला होता, त्यामुळे काहीतरी होणार हे सगळ्यांना माहीत होतं. नवे परवाने बंद, असलेले कमी करत शेवटी 182 वर आणायचे, मासेमारी फक्त सप्टेंबर ते डिसेंबर, आणि आस 25 मिलिमीटरपेक्षा बारीक नको. पारंपरिक मच्छीमारांनी त्यासाठी वर्षानुवर्षं मोर्चे काढले होते आणि त्यांचं म्हणणं खरं होतं. एका फेरीत अख्खा थवा घेरणारं जाळं किनाऱ्याजवळ चालू लागलं तर पाण्यात पडद्यासारखं उभं जाळं लावणाऱ्या गिलनेटवाल्याने काय पकडायचं? माझी त्या आदेशावर तक्रार नाही. माझी तक्रार त्यानंतर बंदरात जे झालं त्याबद्दल आहे.

आमच्या कामाचा मोठा हिस्सा पर्ससीनचा होता. एक पर्ससीन जाळं म्हणजे लाखोंचं काम. रिंगा, बोये, शिसं, दोर, सगळं मिळून कारागिरांना पावसाळाभर पुरणारं. आदेश आला तसं मी ठरवलं की ज्याच्याकडे परवान्याचा कागद नाही त्याचं पर्ससीन शिवायचं नाही. घरात वाद झाला. बायको म्हणाली, "तुम्ही नाही शिवलं तर जाळं थांबणार आहे का?" जाळं थांबणार नव्हतंच. पलीकडच्या गल्लीत एक दुकान होतं, नाव लिहीत नाही. त्यांनी त्याच पावसाळ्यात माणसं वाढवली. परवाना असो नसो, छोट्या बोटीला बसेल असं आखूड पर्ससीन ते शिवून देऊ लागले.

तरीही पर्ससीनचा फटका सोसला असता. मोडलं ते ट्रॉलच्या खोळीने.

ट्रॉलरला 40 मिलिमीटरच्या चौकोनी आसाची खोळ असावी हा नियम ह्या धंद्यातल्या कुणाला नवा नाही. मालवणकडे काही ट्रॉलरवर त्याचे प्रयोग आधीच झाले होते. चौकोनी का, हे मात्र पुष्कळ मालकांना अजून नीट कळलेलं नाही. नेहमीचा आस शंकरपाळ्याच्या आकाराचा. खोळीत मासळी भरली, ओढ बसली की तो आस लांबट होऊन मिटतो, मग कागदावर 40 असला तरी पाण्यात त्यातून बोटही जात नाही. तेच जाळं फिरवून अशा रीतीने बसवलं की आसाच्या दोन बाजू ओढीच्या रेषेत येतात, तर कितीही ओढा, आस उघडाच राहतो आणि बारीक मासळी, पिल्लं निसटतात. पण साध्या गाठीचं जाळं असं बसवलं की गाठी सरकतात, आस वेडेवाकडे होतात. त्यासाठी पक्क्या गाठीचा किंवा बिनगाठीचा माल लागतो, तो महाग पडतो, आणि शिवायला वेळ दुप्पट. मी तो माल मागवला. कर्ज काढून मागवला.

पलीकडच्या दुकानाने काय केलं? बाहेरून नियमातली चौकोनी खोळ, दाखवायला. आणि आतून बारीक आसाची दुसरी खोळ, दोरीने आवळता आणि सोडता येईल अशी. धक्क्यावर तपासणी आली की आतली काढून डिझेलच्या पिंपामागे टाकायची. ह्या जोडीला ते माझ्या एका खोळीपेक्षा कमी पैसे घेत होते. माझ्या नेहमीच्या गिऱ्हाइकांपैकी एकेक तिकडे गेला. काहींनी तोंडावर सांगितलं, "शेट, तुमची खोळ चांगली, पण मासळी निसटते." अरे, निसटावी म्हणूनच तर ती आहे!

तपासणीवाल्यांना मी प्रत्यक्ष भेटून सांगितलं, लेखी दिलं. कुणी नाकारलं नाही आणि कुणी काही केलंही नाही. उलट बंदरावर बोललं जाऊ लागलं की हा आपला धंदा बसला म्हणून दुसऱ्याच्या चुगल्या करतो. ते शब्द मला अजून लागतात.

मग 2019. ऑक्टोबरच्या अखेरीस क्यार वादळ, त्याच्या पाठोपाठ नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात महा. हंगामातले सगळ्यात कमाईचे दिवस बोटी धक्क्याला बांधून गेले. ज्यांनी माझ्याकडून उधारीवर जाळी नेली होती त्यांच्याकडे द्यायला काही उरलं नाही. मार्च 2020 मध्ये टाळेबंदी. मासळी उतरायची कुठे, विकायची कुणाला? बँकेचे हप्ते थकले. अर्धे कारागीर गेले, त्यातले दोघे पलीकडच्याच दुकानात. मी दुकानाचा मागचा गाळा विकला, कटाईची लांब फळी तेवढी ठेवली, कारण तिच्यावर चाचा उभे राहत.

त्या दिवसांत एक माणूस आला, चाचांच्या नात्यातला, दोन ट्रॉलरचा मालक. त्याने पहिल्यापासून माझीच खोळ वापरली होती. तो म्हणाला, "मी हिशेब ठेवलाय. बारीक मासळी फिशमीलच्या, म्हणजे भुकटी करणाऱ्या कारखान्याच्या, गाडीला जाते, तिचा पैसा किती? ती वेचायला खलाशांचे तास जातात, बर्फ जातो, आणि जाळं जड ओढलं की डिझेल जातं. माझी मासळी कमी येते, पण मोठी आणि न चेंगरलेली येते." त्याने पुढच्या हंगामाच्या दोन्ही बोटींच्या जाळ्यांचे पैसे आगाऊ ठेवले. पावतीसुद्धा मागितली नाही. आज दुकान उघडं आहे ते त्याच्यामुळे. पावसाळी मासेमारी बंदी उठायच्या आधी त्याची जाळी सगळ्यात पहिली तयार होतात, कुणी कितीही घाई करो.

2021 मध्ये राज्याचा सागरी मासेमारीचा कायदा बदलला. 1981 च्या जुन्या कायद्यात दंड असे होते की मोठ्या बोटवाल्याला त्याची भीती वाटायचं कारण नव्हतं. आता विनापरवाना पर्ससीनला 1 लाखापासून 6 लाखांपर्यंत, एलईडी दिवे लावून केलेल्या मासेमारीला 5 लाखांपासून 20 लाखांपर्यंत, आणि निकाल तहसीलदारांऐवजी मत्स्यव्यवसाय खात्याच्या अधिकाऱ्यांकडे. 2023 मध्ये पापलेट राज्य मासा झाला, आणि त्याच वर्षी 54 प्रजातींसाठी किमान आकार ठरले. पापलेट 135 मिलिमीटरच्या आत पकडायचं नाही. ते झाल्यावर गिऱ्हाइकं परत यायला लागली. पलीकडच्या दुकानावर आता फलक आहे : शासनमान्य खोळ मिळेल. मी तिकडून जाताना तो वाचतो.

त्याच वर्षी मुलीकडे अमेरिकेला जाणं झालं, मॅसॅच्युसेट्सला. पावसाळी बंदीत आम्हाला श्वास घ्यायला सवड नसते, सगळी जाळी तेव्हाच दुरुस्तीला येतात, म्हणून ऑक्टोबरात गेलो. तिला म्हटलं, मला म्युझियम नको, बंदर दाखव. तिने न्यू बेडफर्डला नेलं. तिथला मोठा पैसा स्कॅलपचा. स्कॅलप हे तिसऱ्यांच्या, म्हणजे आपल्याकडच्या खायच्या शिंपल्यांच्या, जातीचंच, पण तळहाताएवढं शिंपलं. दोन्ही झाकणं उघडमिट करत पाण्यात पुढे सरकतं, आणि ती झाकणं मिटणारा जो स्नायू, तोच काढून खातात.

धक्क्यावर लोखंडी ड्रेज, म्हणजे तळावरून ओढून शिंपलं गोळा करायची साधनं, पडले होते. मी तिथेच खाली बसून पट्टी काढली. लोखंडी कड्यांची पिशवी, कड्याचा आतला व्यास 4 इंच, त्यापेक्षा लहान कडी चालत नाही, म्हणजे पिल्लू खालीच गळून जातं. पाठीवर 10 इंच आसाचं दोऱ्याचं जाळं, चुकून आलेला मासा वरून सुटावा म्हणून. तिथल्या एका जुन्या खलाशाशी मुलीच्या मदतीने बोलत राहिलो. बोटीवर सातच माणसं चालतात. शिंपलं समुद्रातच सोलायचं असतं, त्यामुळे सात माणसांचे हात जेवढं सोलतील तेवढंच पकडायचं. मोठ्या बोटींना वर्षाला मोजून दिवस मिळतात. काही भाग पिल्लं दिसली की बंद ठेवतात, ती वाढली की उघडतात, आणि तिथे प्रत्येक फेरीला किती पौंड आणायचे ते ठरलेलं. लहान बोटींना 2010 पासून प्रत्येकीचा स्वतंत्र कोटा. बोट कुठे आहे ते उपग्रहावरून कळतं. 1994 मध्ये तिथल्या जॉर्जेस बँक ह्या उथळ समुद्राचे मोठे भाग तळाच्या माशांसाठी बंद केले, आणि काही वर्षांनी पाहिलं तर त्या बंद भागांत स्कॅलपचे थर साचले होते.

आमच्याकडे मासळी मोजत नाहीत. आमच्याकडे जाळं मोजतात, महिने मोजतात. 1 जून ते 31 जुलै, 61 दिवस. आमच्या समुद्रात एका ओढीत वीस जातींची मासळी येते, तिथल्यासारखा एका जातीचा कोटा इथे जसाच्या तसा चालणार नाही, हे मलाही कळतं. पण मग आस हाच आमचा कोटा आहे. तो खोटा निघाला तर बाकी काहीच उरत नाही. माझं मागणं एवढंच की तपासणी जाळं शिवणाऱ्याच्या दुकानापासून करा. प्रत्येक खोळीला शिवणाऱ्याची खूण लावायला सांगा, म्हणजे आतली खोळ सापडली की ती कुठल्या दुकानातून आली हे कळेल. मी माझी खूण गेल्या दोन वर्षांपासून लावतो, तांबड्या दोऱ्याची, तोंडाकडच्या पहिल्या ओळीत.

कासव सुटण्याची चौकटही आम्ही आता बसवून देतो. 2019 मध्ये अमेरिकेने आपली समुद्रातली कोळंबी घेणं थांबवलं ते ती चौकट नाही म्हणून. मालक म्हणतात कोळंबी निसटते. चौकटीचा कोन नीट साधला आणि सुटकेच्या झडपेचं कापड घट्ट बसवलं तर फारशी निसटत नाही. जाळं आणून दाखवा, आम्ही पाण्यात सोडून दाखवतो.

यंदाच्या बंदीसाठी एवढंच सांगतो. फाटलेली जाळी 31 मेची वाट न पाहता आधी आणा, जुलैच्या शेवटी रांग लागली की घाईत शिवलेला आस कुणाच्याच कामाचा नसतो. खोळ बदलायची असेल तर वरचे आणि खालचे दोर सोबत आणा, नुसती खोळ आणून माप जुळत नाही. आणि बारीक आसाची आतली खोळ मागायला येऊ नका.