आमची वाटचाल : आधी काम बघायचं, मग कोअर मोजायचे

२००७ साली कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एका पोटमाळ्यावर आम्ही दोघा भावांनी कॉम्प्युटर जोडून द्यायला सुरुवात केली. माल मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणायचो. रात्रीची महालक्ष्मी एक्स्प्रेस पकडायची, दिवसभर दुकानं पालथी घालायची आणि त्याच गाडीनं परत. बाकी सामान बर्थखाली ठेवायचो. प्रोसेसरचा, म्हणजे मशीनच्या मेंदूचा, डबा मात्र उशाशी, कारण अख्ख्या मशीनमध्ये सगळ्यात महाग तोच असायचा.

त्या वर्षी आम्ही बसवलेला पहिला मोठा प्रोसेसर म्हणजे कोअर टू क्वाड क्यू६६००. चार कोअर (कोअर म्हणजे प्रोसेसरमधला स्वतंत्रपणे काम करणारा भाग), वेग २.४ गिगाहर्ट्‌झ. आतून पाहिलं तर दोन-दोन कोअरच्या दोन चिप एका पॅकेजमध्ये बसवलेल्या. गिऱ्हाईक लग्नाचं शूटिंग करणारे होते. रात्री रेंडर (जोडलेल्या शूटिंगचा अखेरचा व्हिडिओ तयार करणं) लावून झोपायचे आणि सकाळी उठून बघायचे, तरी काम अर्धंच झालेलं असायचं. रेंडरिंगला चारही कोअर कामाला लागले आणि त्यांचा तो सीझन निभावला. पेढे घेऊन ते स्वतः पोटमाळ्यावर आले. तिथूनच आमच्या डोक्यात पक्कं बसलं की जितके कोअर जास्त, तितकं मशीन भारी.

२०१२ मध्ये हा समज महागात पडला. शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीला (धातू ओतण्याच्या कारखान्याला) पॅटर्नची, म्हणजे साचा बनवायच्या नमुन्याची, ड्रॉइंग आणि मॉडेल करायला मशीन हवं होतं. आम्ही हौसेनं आठ कोअरचा प्रोसेसर दिला. आठवड्यात तिथल्या डिझायनर मॅडमचा फोन आला, "दादा, याच्यापेक्षा जुनंच बरं होतं." मी गेलो. मॉडेलमधलं एक माप बदललं की पुढचं सगळं नव्यानं तयार होईपर्यंत त्या हातावर हात ठेवून बसत होत्या. टास्क मॅनेजर (मशीनचा कुठला भाग किती राबतोय ते दाखवणारी विंडोजची खिडकी) उघडला, तर सीपीयूचा, म्हणजे प्रोसेसरचा, वापर १२-१३ टक्क्यांवर अडकलेला. शंभराला आठानं भागलं की येतात साडेबारा. म्हणजे काम एकाच कोअरपुरतं होतं आणि सात कोअरचे पैसे फुकट गेले होते. प्रोसेसरमध्ये खोट नव्हती. ते सॉफ्टवेअर एक पायरी झाली की दुसरी अशा रीतीनं चालतं, आणि आम्ही ते विचारलंच नव्हतं. मशीन परत आणलं, कोअर कमी पण एकेक कोअर दमदार असा प्रोसेसर बसवून दिला. फरकाचा भुर्दंड आम्ही सोसला.

कॉम्प्युटरची रचना करणारे जीन अ‍ॅम्डाल यांनी हा हिशोब १९६७ मध्येच मांडून ठेवला होता. आमच्या भागात तो गुऱ्हाळावरून लगेच पटतो. ऊस तोडायला दहा माणसं लावा, तोड लवकर उरकेल. पण काहिलीतला रस आटायला लागतो तेवढा वेळ लागतोच आणि काहिल कधी उतरायची ते एकटा गुळव्याच ठरवतो. समजा, कामाचा ८० टक्के भाग वाटून करता येतो. एका कोअरच्या मानानं ते चार कोअरवर अडीच पट वेगानं होईल, आठवर साधारण ३.३ पट, सोळावर चार पट. पुढे कितीही कोअर लावा, पाच पट काही गाठता येणार नाही.

तेव्हापासून कोटेशन देण्याआधी गिऱ्हाइकाच्या शेजारी अर्धा तास बसायचं, त्याच्या रोजच्या फाइलवर त्याला काम करू द्यायचं आणि आपण टास्क मॅनेजर बघायचा, असा आमचा नेम आहे.

२०१७ मध्ये रायझन ७ १७०० आला. आठ कोअर, सोळा थ्रेड (म्हणजे एकेक कोअर एका वेळी कामाचे दोन धागे सांभाळणारा) आणि ६५ वॅट. व्हिडिओवाल्यांसाठी तो आम्ही मनापासून सुचवला. लॉकडाऊनच्या काळात मात्र वेगळाच धडा मिळाला. थोडे पैसे वाचतात म्हणून नावाच्या शेवटी एफ असलेले इंटेलचे प्रोसेसर आणून ठेवले होते. त्यांत ग्राफिक्स, म्हणजे स्क्रीनवर चित्र उमटवणारा भाग, नसतो. बाजारात ग्राफिक्स कार्ड मिळेना, आणि जोडून तयार असलेली मशीनं डिस्प्लेवाचून दुकानात पडून राहिली. ऑफिसच्या मशीनला तेव्हापासून आम्ही एफ लावत नाही.

फाउंड्रीच्या त्याच मॅडमचा फोन २०२२ मध्ये पुन्हा आला. आता त्यांना ओतकामाचं सिम्युलेशन करायचं होतं : वितळलेलं लोखंड साच्यात कसं भरेल, थंड होताना पोकळी कुठं राहील. हे काम वाटून घेता येतं, म्हणून सोळा कोअरचा रायझन ९ ५९५०एक्स निवडला. रॅम (चालू कामाचा डेटा ठेवणारी मेमरी) दोन्ही चॅनेलमध्ये, म्हणजे प्रोसेसरकडे जाणाऱ्या दोन्ही वाटांवर, भरली, नाहीतर एवढ्या कोअरना डेटा पुरत नाही. भट्टीजवळची काळी धूळ आत गेली की कूलर चोंदतो आणि गरम झालेला प्रोसेसर आपला वेग आपणच उतरवतो. म्हणून मशीन काचेच्या केबिनमध्ये ठेवायला लावलं आणि जाळीचा फिल्टर दर पंधरा दिवसांनी काढून झटकायचा, हे तिथल्या मुलाला करून दाखवलं. ड्रॉइंगसाठी वेगळं, सहा कोअरचं आय-५ १२४०० चं मशीन दिलं.

पहिलं सिम्युलेशन लावलं तेव्हा मी तिथेच होतो. टास्क मॅनेजरमधले बत्तीसच्या बत्तीस चौकोन (एकेका थ्रेडचा एक) निळे भरले. मॅडम बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "दादा, हे चालू असताना माझं ड्रॉइंग अडणार नाही ना?"

"नाही मॅडम," मी म्हणालो, "तुमचं मशीन ते पलीकडचं."